लुथरन पद्धतीची घरची उपासना मराठीत कशी चालवायची?

गोदाकाठ_नांदेड

सर्वांना सलाम. घरातली एक बाजू आंध्र इव्हँजेलिकल लुथरन चर्चची, तेलुगू. दुसरी बाजू सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मराठी. रविवारी सीएनआयच्या उपासनेला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न रोज संध्याकाळच्या घरच्या उपासनेचा आहे. मुलं ९ आणि १२ वर्षांची, तेलुगू बोलतात पण वाचता येत नाही. म्हणून मराठीतच चालवायचं आहे.

विचारायचं ते असं: १५-२० मिनिटांत बसेल असा लुथरन क्रम कोणता? मार्टिन लूथरच्या लहान कॅटेकिझममधले (श्रद्धेचं प्रश्नोत्तरी पुस्तक) दहा आज्ञांचे क्रमांक आणि संडे स्कूलमधले क्रमांक जुळत नाहीत, त्याचं काय करायचं? प्रभुभोजन घरी घेता येतं का? आणि ३१ ऑक्टोबरला, धर्मसुधारणा दिनी, लूथरच्या "देव आमचा बळकट गड" या गीताची चाल पेटीवर बसवायची आहे. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा आवाज पुरला नाही.

---

जुनी_छावणी

ताई, आधी क्रमाचं बोलू, कारण चूक बहुतेक तिथंच होते. आपल्याकडं घरगुती सभा म्हटली की दोन गीतं, मग प्रत्येकाची लांबलचक प्रार्थना, मग साक्षी, आणि स्वयंपाकघरातून वास यायला लागला की घाईघाईत एक अध्याय. लुथरन क्रम याच्या उलटा असतो. उपासनेला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ "देवाची सेवा", आणि लुथरन माणूस तो आधी असा वाचतो की देव आपली सेवा करतो. म्हणून आधी ऐकायचं आणि घ्यायचं. आपलं बोलणं त्यानंतर.

पाया लहान कॅटेकिझममध्येच आहे (१५२९). सकाळ-संध्याकाळची प्रार्थना लूथरनं तिथं आखूनच दिली आहे: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं सुरुवात, मग गुडघे टेकून किंवा उभं राहून विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचा ठरलेला मजकूर) आणि प्रभूची प्रार्थना, त्यानंतर एक छोटी प्रार्थना. सकाळी गीत म्हणत कामाला लागा, रात्री निर्धास्त झोपा, इतकंच. याला चार मिनिटं लागतात. शाळेच्या दिवशी सकाळी एवढंच करा, जास्त करायला जाऊ नका.

संध्याकाळी याच सांगाड्यात भर घाला. नाव घेऊन सुरुवात झाली की एक मिनिट शांतता, मग १ योहान १:८-९. आपल्या मराठी शास्त्रात तिथं "पापे पदरी घेतली" असा शब्द आहे. मुलांना तो एकदा समजावून सांगा, नुसत्या "कबूल केली"पेक्षा किती जड आहे ते. मग वाचन, १० ते १५ वचनं, त्याहून जास्त नको. एकच शुभवर्तमान सलग घ्या. आज स्तोत्र, उद्या प्रकटीकरण असं उडत गेलं की मुलांच्या हाती काही लागत नाही. वाचून झालं की दोनच प्रश्न: हा उतारा माझ्याकडून काय मागतो, आणि हा मला काय देतो? नियमशास्त्र आणि सुवार्ता हा लुथरन भेद घरात शिकवायला एवढं पुरतं. दुसरा प्रश्न राहून गेला तर उपासना नीतिपाठ होऊन बसते. पहिला राहिला तर क्षमा कशाची तेच कळत नाही.

त्यानंतर कॅटेकिझमचा एक तुकडा, विश्वासांगीकार, विनंत्या, प्रभूची प्रार्थना, आणि शेवटी गणना ६:२४-२६ चा आशीर्वाद: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो..." उपासनेच्या शेवटी हाच आशीर्वाद असावा ही सूचना लूथरचीच.

कॅटेकिझमचा तुकडा रोज बदलू नका, आठवडाभर एकच ठेवा. दहा आज्ञा आणि त्यांचा समारोप ११, विश्वासांगीकाराचे ३ भाग, प्रभूची प्रार्थना ९ (आरंभ, सात विनंत्या, आमेन), बाप्तिस्मा ४, पापकबुली २, प्रभुभोजन ४. झाले ३३ आठवडे. उरलेले १९ आगमनकाल, नाताळ, उपवासकाल, परीक्षा आणि पाहुण्यारावळ्यांत जातात, हिशेब बरोबर बसतो. क्रम मात्र मोडू नका. आजाऱ्याला आधी आजार कळावा, मग औषध कुठं आहे ते, मग ते मागावं कसं, असा लूथरचा विचार होता. आज्ञा, विश्वास, प्रार्थना. प्रार्थनेपासून सुरुवात केलीत तर औषध मागणाऱ्याला आपण आजारी आहोत हेच माहीत नसतं.

प्रभुभोजन घरी आपलं आपण नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचं (लुथरन विश्वासाचं मूळ निवेदन) १४ वं कलम सरळ सांगतं की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीर शिकवू नये की संस्कार देऊ नयेत. घरात कुणी आजारी असेल तर पाळकांना बोलवा, ते घरी येऊन देऊ शकतात. बाप्तिस्म्याचं वेगळं: जीव धोक्यात असेल तर कोणताही ख्रिस्ती माणूस पाणी घेऊन त्रैक्याच्या नावानं देऊ शकतो. नंतर पाळकांना कळवायचं. तो पुन्हा द्यायचा नसतो.

---

उदगीरचा_वाचक

वरच्या क्रमाशी सहमत, पण "साक्षी नकोत" असा कुणी अर्थ काढू नये. साक्ष असू द्या, फक्त वचनानंतर, आणि पाच मिनिटांच्या आत. लुथरन मंडळीला भीती एकच: माणूस स्वतःच्या अनुभवावर टेकायला लागला की अनुभव आटला त्या दिवशी विश्वासही आटतो. क्षमा बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू यावी लागते. म्हणून त्यांच्याकडं पापकबुलीनंतरची क्षमेची घोषणा ही औपचारिकता नाही, तो उपासनेचा कणाच आहे.

घरी ती घोषणा कुणी करायची, हे तुम्ही विचारलं नाही, पण अडणार तिथंच. पाळक त्याच्या पदानं क्षमा सांगतो, तो अधिकार घरात ओढून आणायचं कारण नाही. पण लूथरच्या १५३७ च्या श्माल्काल्ड कलमांत सुवार्ता कोणकोणत्या मार्गांनी मिळते ते सांगताना भाऊबंदांनी एकमेकांशी बोलून दिलेलं सांत्वन हाही मार्ग धरला आहे. तेव्हा आई किंवा वडिलांनी १ योहान १ चं ९ वं वचन वाचून एवढंच म्हणावं: "येशूमुळे तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." मुलाचं नाव घेऊन म्हणा. "आपणा सर्वांना क्षमा मिळो" असं म्हणू नका, ती नुसती इच्छा झाली. "तुझ्यासाठी" हा शब्द लुथरन पद्धतीत जिथं तिथं याच कारणानं येतो.

आता आज्ञांचे क्रमांक. कुणी चुकलेलं नाही. निर्गम २० मध्ये आकडे घातलेले नाहीत, मोजणी दोन प्रकारची आहे. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन परंपरा मूर्तींविषयीचा भाग वेगळी दुसरी आज्ञा धरतात आणि लोभ सगळा दहाव्यात घालतात. लुथरन, कॅथोलिकांसारखेच, प्राचीन मंडळीचा गुरू ऑगस्टीन याच्या मोजणीनं जातात: मूर्तींचा भाग पहिल्या आज्ञेतच येतो, आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा होतात. लुथरनांकडं शेजाऱ्याच्या घराचा लोभ नववी, त्याची स्त्री, दास-दासी, गुरंढोरं दहावी. म्हणून मधले सगळे आकडे एकानं सरकतात. संडे स्कूलमधली पाचवी "आईबापांचा मान राख", लहान कॅटेकिझममधली पाचवी "खून करू नकोस". उपाय साधा आहे, घरी आकडा बोलायचाच नाही. "नावाची आज्ञा", "शब्बाथाची आज्ञा", "आईबापांची आज्ञा" असं म्हणा. वहीत डाव्या बाजूला संडे स्कूलचा आकडा, उजवीकडं कॅटेकिझमचा लिहून ठेवला की १२ वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत समजतं.

पाठ करून घ्यायचं ते आकडे नव्हे, स्पष्टीकरणं. प्रत्येक आज्ञेनंतर प्रश्न एकच: "याचा अर्थ काय?" आणि उत्तर सुरू होतं "आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी" असं. पुढं जे करू नये ते आणि जे करावं ते, दोन्ही असतं. खुनाच्या आज्ञेत शेजाऱ्याच्या शरीराला इजा करू नये इतक्यावर थांबत नाही. त्याच्या अडीनडीला मदत करावी हेही येतं. चोरीच्या आज्ञेत खोटा माल आणि लबाडीचा व्यवहार येतो. मोंढ्यात काटा मारणं म्हणजे काय हे आपल्या मुलांना माहीत असतंच, वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. आणि "रोजची भाकर" या विनंतीत लूथरनं अन्नपाण्याबरोबर कपडे, घर, शेत, गुरं, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, चांगले शेजारी असं सगळं मोजलं आहे. मराठवाड्यात त्या यादीत "चांगलं हवामान" आलं की थांबा. पाऊस, विहिरीचं पाणी, सोयाबीनचा भाव मुलांनाच जोडू द्या.

---

पेटीमास्तर_जालना

मी फक्त चालीचं सांगतो.

तुमचा आवाज का पुरला नाही ते ओळखता येतं. ही चाल मधल्या सा वर सुरू होत नाही. पहिला सूरच तार सा आहे, आणि ओळ तिथून खाली उतरत मध्य सा पर्यंत येते. सवयीनं माणूस पहिल्या सुराला मधला सा समजतो, मग ओळीच्या शेवटी खर्जात जाऊन घरातल्या बायकांचा आणि मुलांचा आवाज बुडतो. दुसऱ्या खेपेला तुम्ही ते सुधारलं असेल, पण भजनाची नेहमीची पट्टी, काळी चार किंवा पाच, धरली असेल. मग तार सा इतका वर जातो की सगळे किंचाळतात. पांढरी एक धरा, सुरुवात वरच्या सा वर करा. फार तर पांढरी दोन. त्याच्या वर नको.

ताल. जुन्या जर्मन रूपात लय सारखी नाही, लांब-आखूड सूर आहेत, ठेक्यात बसवायला गेलात तर फसाल. नंतरच्या काळात सपाट केलेलं रूप घ्या, ते केरव्यात बसतं. मात्र पहिलं अक्षर समेच्या एक मात्रा आधी पडतं. तबलजी पहिल्या अक्षरावरच सम मारतो आणि पुढची सगळी ओळ एका मात्रेनं सरकते, शेवटी कुणालाच श्वास कुठं घ्यावा कळत नाही. त्याला आधी सांगा, दुसऱ्या अक्षरावर सम.

आणि खरं सांगायचं तर जर्मन चालीचा हट्ट कशाला? मूळ गीत ४६ व्या स्तोत्रावर उभं आहे. लूथरनं आपल्या लोकांच्या भाषेत, त्यांच्या गळ्यात बसेल असं गायला लावलं. तेच करायचं तर स्तोत्र ४६ मोठ्या अभंगात बांधा, ६-६-६-४ अक्षरांचा चरण, ध्रुपद ७ व्या वचनाचं: सेनाधीश परमेश्वर आपल्याबरोबर आहे. ११ व्या वचनात ते पुन्हा येतंच. "सेला" हा स्तोत्रांत मधूनमधून येणारा शब्द तीन ठिकाणी आहे, ३, ७ आणि ११ नंतर, म्हणजे तीन कडवी स्तोत्रानं स्वतःच पाडून दिली आहेत. रेव्हरंड टिळकांनी अभंगाचा रस्ता करून ठेवला आहे, धुमाळीत टाळ घेऊन म्हणा. मला तरी यात काही कमी लुथरन वाटत नाही.

---

गोदाकाठ_नांदेड

तिघांचेही आभार. पट्टी काळी चारच होती!

दोन शंका राहिल्या. सुरुवातीला नाव घेताना क्रूसाची खूण करायची का? सासूबाई म्हणतात ती कॅथोलिकांची. आणि सीएनआयमध्ये आम्ही प्रभुभोजन घेतो ते लुथरन बाजूच्या दृष्टीनं चालतं का?

---

जुनी_छावणी

खूण लहान कॅटेकिझममध्ये सांगितलेली आहे, लुथरन ती बाप्तिस्म्याची आठवण म्हणून करतात. पण न केल्यानं प्रार्थना अपुरी राहत नाही. सासूबाईंना त्रास होत असेल तर सोडा. त्यावरून घरात रोज वाद होण्यापेक्षा नावाचे शब्द नीट, सावकाश म्हटलेले बरे.

प्रभुभोजनाबद्दल: १९७० साली नागपुरात सीएनआय झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स एकत्र आले, त्यात लुथरन नव्हते. त्यामुळं शिकवण हुबेहूब एक नाही. लुथरन शिकवण अशी की ख्रिस्ताचं शरीर भाकरीत, भाकरीसह आणि भाकरीखाली खरोखर दिलं जातं. १५२९ साली मारबुर्गला स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीशी वाद झाला तेव्हा लूथरनं "हे माझे शरीर आहे" हे टेबलावर खडूनं लिहून ठेवलं होतं, आणि "आहे" या शब्दावरून तो हलला नाही. सीएनआयमध्ये निरनिराळ्या समजुतींची माणसं एकाच वेदीपाशी येतात. सगळ्या लुथरन मंडळ्यांचे नियमही सारखे नाहीत, काही फार कडक आहेत. म्हणून फोरमवर विचारून निर्णय घेऊ नका. तुमच्या तेलुगू बाजूच्या पाळकांना आणि इथल्या प्रेस्बिटरांना (सीएनआयच्या पाळकांना), दोघांनाही आधी सांगा. लपवून घेणं तेवढं टाळा.

जाता जाता: ३१ ऑक्टोबरला घरच्या टेबलावर लाल कापड घाला. वाचनं यिर्मया ३१:३१-३४, रोम ३:१९-२८, योहान ८:३१-३६. मुलं लहान आहेत, त्यामुळं रोम फक्त २१ पासून घेतलं तरी चालेल.

---

उदगीरचा_वाचक

आणखी एक, भाकर म्हटल्यावर आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढं ज्वारीची येते. प्रभुभोजनाचा भाग शिकवाल त्या आठवड्यात सांगून टाका की चर्चमध्ये असते ती गव्हाची. फुगलेली की बिनखमिराची, यावर लुथरन मंडळी अडून बसत नाही.

मोठ्याच्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात आज्ञांचे क्रमांक विचारले तर वर्गात शिकवलेलेच सांगू द्या, वहीतली डावी बाजू.