फ्रीव्हील, गिअर आणि गिअरबॉक्स : मोटर बसवलेल्या सायकलीची शब्दचर्चा

विचारणा

कोथरूडमध्ये जुन्या सायकलींना घरच्या घरी मोटर बसवू पाहणाऱ्या मुलांसाठी मी एक मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. 'फ्रीव्हील'साठी (मागच्या चाकावरचे, साखळी बसते ते दातेचाक) 'मुक्तचक्र' आणि 'गिअरबॉक्स'साठी (मोटरीच्या फेऱ्या कमी करणारी दात्यांच्या चाकांची पेटी) 'दंतचक्रपेटी' हे शब्द वापरावेत असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे. मराठी शब्द शक्य तेथे वापरावेत असे मलाही वाटते, परंतु वाचून मुलाने चुकीचा भाग विकत आणला तर त्या शब्दाचा उपयोग काय? शिवाय 'गिअर' हा एकच शब्द किती अर्थांनी वापरावा, आणि 'फ्रीव्हील'चे लिंग कोणते मानावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

ताई, 'मुक्तचक्र' वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण इंग्रजीवरचे प्रेम नसून त्या भागाचे काम हे आहे. फ्रीव्हील एकाच दिशेने मोकळे असते. दुसऱ्या दिशेने ते चाकाला घट्ट धरते. त्याच्या आतल्या भागावर स्प्रिंगने उचलून धरलेल्या छोट्या पोलादी खिट्ट्या असतात आणि बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला तिरपे दाते असतात. पायडल पुढे मारले की खिट्ट्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरते. पाय थांबवले की त्याच खिट्ट्या दात्यांवरून घसरत जातात आणि ओळखीची टिकटिक ऐकू येते. सायकलदुरुस्तीच्या दुकानांत या खिट्ट्यांना 'कुत्रे' म्हणतात. पायडल फिरते पण चाक फिरत नाही, अशी तक्रार घेऊन गेल्यास कारागीर 'कुत्रे गेले' एवढेच सांगतो, आणि त्या दोन शब्दांत संपूर्ण निदान येते. आपल्या माहितीपत्रकात हा शब्द अवश्य असावा.

मोटर बसवताना हा एकदिशा गुण फार महत्त्वाचा ठरतो. समजा, मोटरीच्या बाजूचे दातेचाक मागच्या चाकाला पक्के जोडले आणि मध्ये फ्रीव्हील ठेवलेच नाही, तर बॅटरी संपल्यावर पायडल मारणाऱ्याला मोटरही ओढत न्यावी लागते. गिअरबॉक्स ९.७८ पट वेग कमी करणारा असेल आणि साखळी पुन्हा निम्मा करत असेल, तर चाकाच्या एका फेरीमागे मोटरीला सुमारे साडेएकोणीस फेऱ्या माराव्या लागतात. मोटरीची साखळी पुढच्या क्रँकवर, म्हणजे पायडलांच्या दांड्यांवर, आणली तर क्रँकमध्येही एक फ्रीव्हील लागते, नाहीतर मोटर चालू होताच पायडलेही फिरू लागतात आणि पायांना इजा होऊ शकते. म्हणून केवळ 'फ्रीव्हील बसवा' असे न लिहिता 'मागच्या हबवरील फ्रीव्हील', 'क्रँकवरील फ्रीव्हील' असे जागेसह लिहावे; हब म्हणजे चाकाचा मधला भाग.

'गिअरबॉक्स' तसाच ठेवावा. 'दंतचक्रपेटी' समजायला अवघड नाही, पण नाना पेठेत दुकानदाराकडे ती मागून मिळणार नाही.

'गिअर'चा घोटाळा मात्र खरा आहे. पुण्यात 'गिअरची सायकल' म्हटले की साखळी एका दातेचाकावरून दुसऱ्यावर सरकवणारी सायकल डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यात गिअरबॉक्स नसतो. उलट, १९७२ साली आलेल्या लूना या मोपेडला 'गिअर नाहीत' असे सारे म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ चालवणाऱ्याने बदलायचे गिअर नाहीत एवढाच होता; इंजिनाच्या फेऱ्या कमी करून चाकापर्यंत पोचवण्याची सोय तिच्यातही होतीच. तेव्हा साखळीच्या चाकाला 'दातेचाक' किंवा 'स्प्रॉकेट', गिअरबॉक्समध्ये एकमेकांत गुंतणाऱ्या चाकांना 'गिअर', आणि दोन चाकांच्या दात्यांच्या तुलनेला 'दात्यांचे प्रमाण' म्हणावे. 'रिडक्शन'साठी 'वेगघट' चालेल, फक्त वेग घटतो तसा जोर वाढतो हे पहिल्याच ठिकाणी लिहावे, कारण मोटरीला गिअरबॉक्स लावायचा तो त्या जोरासाठीच.

विचारणा करणाऱ्यांकडून

आभारी आहे. 'दात्यांचे प्रमाण' मुलांना समजेल असे एक उदाहरण द्याल का? आणि फ्रीव्हील सायकलीच्या डाव्या बाजूला लावायचे असेल तर त्याला 'डावे फ्रीव्हील' म्हणणे योग्य होईल का?

प्रतिसाद

मोटर मिनिटाला २,६५० फेऱ्यांची असेल आणि गिअरबॉक्स त्या ९.७८ पट कमी करत असेल, तर बाहेरच्या दांड्यावर सुमारे २७१ फेऱ्या मिळतात. तेथे ९ दात्यांचे स्प्रॉकेट आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे प्रमाण एकास दोन. चाकाला सुमारे १३५ फेऱ्या. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरला तर हिशेबाने ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वेग येतो. तेच फ्रीव्हील १६ दात्यांचे घेतले तर वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत जातो, पण चढावर जोर कमी पडतो.

'डावे फ्रीव्हील' हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण तो फक्त बाजू सांगतो. नेहमीच्या फ्रीव्हीलचे आटे उजवे असतात आणि कुत्रेही त्याच दिशेला जुळवलेले असतात, त्यामुळे पायडल मारताना ते हबवर आणखी घट्ट बसत जाते. तेच फ्रीव्हील जसेच्या तसे डावीकडे लावले तर पुढे जाण्याच्या दिशेने कुत्रे पकडतच नाहीत. मोटर फिरते, टिकटिक होते आणि सायकल जागची हलत नाही. डावीकडे लागते ते आटे आणि कुत्रे दोन्ही उलट असलेले फ्रीव्हील. 'डाव्या आट्यांचे फ्रीव्हील' असे लिहिल्यास दुकानात नेमकी वस्तू मागता येते.

आणखी एक प्रतिसाद

लिंगाविषयी: 'चाक' नपुंसकलिंगी असल्याने 'ते फ्रीव्हील' हेच स्वाभाविक वाटते. 'साखळी' आणि 'चेन' स्त्रीलिंगी, 'गिअर' आणि 'गिअरबॉक्स' पुल्लिंगी रूढ आहेत. मजकुरात 'मोटरीला' आणि 'मोटरला' यांपैकी एकच रूप सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावे. माहितीपत्रकाच्या शीर्षकात 'मोटरसायकल' हा शब्द कृपया टाळावा. केंद्रीय मोटर वाहन नियमांत ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीवरील वाहनाला इतर काही अटींसह मोटर वाहनातून वगळले आहे, आणि मोटरसायकल त्या वर्गात बसत नाही. 'मोटर बसवलेली सायकल' हे तीन शब्द लांब असले तरी तेच लिहावेत, आणि २५० वॅटची मोटर घेणाऱ्या मुलांना ही मर्यादा त्याच पानावर सांगावी.