वडील जाफन्याहून परतले, पण आमच्यापर्यंत काय आले?

कृष्णाकाठ: माझे वडील १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतल्या जाफन्याला होते. तिथल्याविषयी त्यांनी घरात कधी अवाक्षर काढले नाही. मात्र शेजारी लवंगी माळ वाजली तरी ते भिंतीला पाठ लावून उभे राहत. त्यांना झोपेतून उठवताना अंगाला हात लावायचा नाही, दाराशी उभे राहून हाक मारायची, हा आईचा नियम होता. मी युद्ध पाहिलेले नाही, तरी आज चाळिशीत हॉटेलात दाराकडे पाठ करून मला बसवत नाही. हे त्यांच्याकडून आले असेल, की मी माझ्या स्वभावाचे खापर त्यांच्यावर फोडते आहे?

मनोवेध: खापर फोडण्याचा प्रश्नच नाही. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांच्या पाहणीत असे दिसले की, ज्यांना आघातोत्तर तणावविकार (भीषण अनुभवानंतर मनाला लागून राहणारा त्रास, पीटीएसडी) जडला होता, त्यांच्या मुलांमध्ये वर्तनाच्या तक्रारी अधिक होत्या. केवळ युद्धावर जाऊन आलेल्या सर्वांच्या मुलांमध्ये नव्हे. वडिलांच्या संतापापेक्षाही त्यांचे भावनाशून्य होऊन जाणे बाप-लेकरांच्या नात्याला अधिक बाधते, असेही पुढील अभ्यासांत आढळले. दाराकडे तोंड करून बसणे तुम्ही बहुधा त्यांना पाहूनच शिकलात.

जुना_वाचक: सगळे पाहूनच शिकले जाते असे मी म्हणणार नाही. अमेरिकी यादवी युद्धातील कैदी सैनिकांवरचा २०१८ चा अभ्यास पाहावा: युद्धबंदींच्या अदलाबदली थांबल्यानंतर ज्यांनी छावण्यांत उपासमार सोसली, त्यांचे मुलगे इतर सैनिकांच्या मुलग्यांपेक्षा लवकर दगावले, मुलींत मात्र हा फरक दिसला नाही. अर्थात त्यात जनुकांची प्रत्यक्ष तपासणी नव्हती, त्यामुळे ‘रक्तातून आले’ असे छातीठोकपणे सांगण्याची घाई नको.

माणदेशी: माझेही वडील शांतिसेनेत होते. जाफन्याची लढाई त्या वर्षी ऐन दिवाळीच्या दिवसांत पेटली होती, हे मला फार उशिरा कळले. तोवर त्यांना फटाक्यांचा तिटकारा आहे, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. वडील हयात असतील तर ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यातून त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवता येते. तुम्ही स्वतःसाठीही कुणाला तरी भेटाच.

कृष्णाकाठ: वडील आता नाहीत. काल आईला त्या नियमाविषयी विचारले. तो तिचा नव्हताच. सुटीवर आल्यावर पहिल्याच रात्री झोपेत त्यांनी तिचे मनगट पिरगाळले होते, आणि सकाळी बांगड्यांच्या काचा गोळा करताना त्यांनीच तो तिला घालून दिला होता.