फ्लोरेसन्स चित्रातलं बॅकग्राउंड: नमुन्यातच मारायचं की नंतर वजा करायचं?

काचपट्टी

लॅब मीटिंगमध्ये हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "बॅकग्राउंड आहे थोडं, पण सबट्रॅक्ट करून टाकू." बॅकग्राउंड म्हणजे आपण लावलेल्या डायची (चमकणाऱ्या रंगाची) नसलेली, इतर कुठून तरी आलेली चमक. सबट्रॅक्ट करणं म्हणजे ती कॉम्प्युटरवर चित्रातून वजा करणं. मला हे मुळीच पटत नाही. बॅकग्राउंड नमुना तयार करतानाच मारायचं असतं.

हिशेब बघा. एका पिक्सेलवर आपल्या डायचे १०० फोटॉन आले आणि बॅकग्राउंडचे ४००. वजाबाकीत ४०० गेले, पण एकूण ५०० फोटॉनांबरोबर आलेला नॉइज (आकड्यातला यादृच्छिक चढउतार), म्हणजे ५०० चं वर्गमूळ, साधारण २२, तिथेच राहिला. सिग्नल नॉइजच्या जेमतेम साडेचारपट. तेच बॅकग्राउंड आधीच २५ वर आणलं असतं तर नॉइज ११ आणि सिग्नल त्याच्या नऊपट. वजाबाकीनं चित्र काळं होतं, स्वच्छ होत नाही.

आणि नमुन्यात करण्यासारखं भरपूर असतं. ग्लुटराल्डिहाइडनं फिक्स केलेला (रसायनानं टिकवलेला) ऊतीचा काप फॉर्मल्डिहाइडपेक्षा जास्त चमकतो, तर ती चमक मारायला त्याला सोडियम बोरोहायड्राइड द्या. सेकंडरी अँटीबॉडी (डाय जोडलेली दुसरी अँटीबॉडी) शेळीची असेल तर ब्लॉकिंगला, म्हणजे ती भलतीकडे चिकटू नये म्हणून, शेळीचंच सीरम घ्या. म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत लिपोफ्युसिनचे (वयानुसार पेशीत साठणाऱ्या, आपोआप चमकणाऱ्या रंगद्रव्याचे) ठिपके हिरव्या आणि लाल दोन्ही फिल्टरमध्ये त्याच जागी दिसतात. त्यांना "कोलोकलायझेशन" (दोन रेणू एकाच जागी) म्हणून मिरवण्याआधी ७० टक्के इथेनॉलमधल्या ०.१ टक्के सुदान ब्लॅक बी या चमक दाबणाऱ्या काळ्या रंगामधून काप काढा. सगळ्यात आधी काहीच न लावलेली एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून बघा. ही फुकटची गोष्ट कितीजण करतात?

पिक्सेलराव

काचपट्टीताई, हे सगळं नमुना तुमच्या हातात असेल तेव्हा. हॉस्पिटलच्या कपाटातून पॅराफिनचे (मेणात बसवलेल्या ऊतींचे) जुने ब्लॉक आले की फिक्सेशन कधीच होऊन गेलेलं असतं, आणि कोणी किती तास फॉर्मलिनमध्ये ठेवलं होतं ते विचारायलाही माणूस नसतो.

सुदान ब्लॅकचं कौतुकही जरा आवरा. ते आपला सिग्नलही थोडा खातं, फार-रेडमध्ये (गडद लाल पट्ट्यात) स्वतःचं बॅकग्राउंड घालतं, आणि नंतर कोणी डिटर्जंटचा वॉश दिला तर धुऊनही जातं. त्यापेक्षा स्पेक्ट्रल अनमिक्सिंग करा. डाय न लावलेल्या कापाचा स्पेक्ट्रम मोजा, त्याचा वाटा पिक्सेलगणिक वेगळा काढा.

आणि वजाबाकीशिवाय तुमचंही भागत नाही. शटर बंद असताना कॅमेरा १०० दाखवत असेल, तर ३०० आणि २०० चं गुणोत्तर दीडपट नसून दुप्पट आहे. सॉफ्टवेअर नको म्हणणारे बिनदिक्कत दीडपट छापतात.

काचपट्टी

ऑफसेट, म्हणजे कॅमेऱ्याचा तो अंधारातला आकडा, वजा करायलाच हवा, त्यावर वाद नाही. माझा राग रोलिंग बॉलवर आहे, म्हणजे ठरवलेल्या त्रिज्येचा काल्पनिक चेंडू चित्राखालून फिरवून बॅकग्राउंड वजा करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीवर. केंद्रक ४० पिक्सेल रुंद आणि त्रिज्या ठेवलेली १०. सॉफ्टवेअर केंद्रकाचा मधला भागच बॅकग्राउंड समजून पोखरून टाकतं, आणि त्याच चित्रावरून इंटेन्सिटीचे बार काढून गाइडपुढे ठेवले जातात. विचारलं तर उत्तर, "मेनूमध्ये होतं."

जिवंतपेशी

दोघंही मेलेल्या नमुन्यांवर भांडताय! माझ्या पेशी रात्रभर स्टेजवर जिवंत राहायला हव्यात. त्यांना बोरोहायड्राइड पाजू?

आमच्याकडे निम्मी घाण मीडियमची (पेशी ज्यात ठेवतात त्या द्रवाची) असते. फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन दोन्ही चमकतात, म्हणून इमेजिंगच्या वेळी मीडियम बदलायचं. पेशीतले फ्लेविन निळ्या प्रकाशात नेमके जीएफपीच्याच (पेशीत घातलेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या) हिरव्या पट्ट्यात उजळतात, म्हणून जमेल तिथे ६४० नॅनोमीटरच्या लेसरवर जायचं. उरलेलं काम ऑप्टिक्सचं. पेशीच्या तळाशी काही बघायचं असेल तर टर्फ (टीआयआरएफ) मायक्रोस्कोपी लावा. प्रकाश काचेपासून शेदोनशे नॅनोमीटरच आत शिरतो, वरची सगळी पेशी अंधारात.

पिक्सेलराव

"ऑप्टिक्स" म्हटलं की आमच्याकडे सगळे कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या रांगेत उभे राहतात. मार्व्हिन मिन्स्कीनं १९५७ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला त्या मायक्रोस्कोपमधलं पिनहोल (बारीक छिद्र) फोकसच्या बाहेरचा प्रकाश अडवतं, बस्स. लिपोफ्युसिनचा दाणा फोकसमध्येच बसला असेल तर कॉन्फोकल त्याला आणखी रेखीव करून दाखवतं.

जिवंतपेशी

मान्य. पण जाड कापात फोकसबाहेरचाच प्रकाश जास्त असतो, तिथे रांगेत उभं राहावंच लागेल.

क्षयकेंद्र

मी संशोधक नाही, सरकारी केंद्रात थुंकीच्या स्लाइड बघणारा लॅब टेक्निशियन आहे. आमचा सगळा कारभार बॅकग्राउंडवरच चालतो, म्हणून लिहितो.

ऑरामिन या चमकणाऱ्या रंगानं स्मिअर (स्लाइडवर पसरलेली थुंकी) रंगवला की क्षयाचे जंतूही चमकतात आणि कफ, पेशींचा कचराही. आम्ल-अल्कोहोलनं धुऊन वर ०.५ टक्के पोटॅशियम परमँगनेट घालतो. पाठ (बॅकग्राउंड) काळी पडते आणि जंतू पिवळ्या काड्यांसारखे उठून दिसतात. पण घड्याळावर नजर लागते. मिनिटभर ठीक, स्लाइड तशीच विसरलात तर जंतूही विझतात आणि पॉझिटिव्ह पेशंट निगेटिव्ह म्हणून घरी जातो. कमी ठेवलं तर कचऱ्याच्या पिवळ्या रेघा जंतू म्हणून मोजल्या जातात. २०११ मध्ये डब्ल्यूएचओनं एलईडी मायक्रोस्कोपची शिफारस केली. मर्क्युरी दिव्याची कटकट गेली, परमँगनेटची बाटली राहिली. आम्ही फोटो काढत नाही, त्यामुळे वजाबाकीचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा मी काचपट्टीताईंच्या बाजूचा. पण क्वेंचर (चमक विझवणारं रसायन) आंधळा असतो, आपला सिग्नलही विझवतो, हे पिक्सेलरावांचं म्हणणंही खरं आहे.

काचपट्टी

दादा, जंतूच विझले हे तुम्हाला कळतं कसं? स्लाइड तर दोन्ही वेळा काळीच दिसणार.

क्षयकेंद्र

नवं रंगद्रावण काढलं की खात्रीची एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह स्लाइड त्यातून काढायची. पॉझिटिव्ह मंद दिसली तर त्या द्रावणावर पुढे एकही रिपोर्ट नाही.

पिक्सेलराव

हेच रोलिंग बॉललाही लावा ना. ज्याची इंटेन्सिटी आधीच माहीत आहे अशा फ्लोरेसंट बीडचं (चमकणाऱ्या सूक्ष्म मण्याचं) चित्र त्याच त्रिज्येतून काढा. आकडा बदलला तर त्रिज्या चुकली. आणि मूळ फाइल जपून ठेवा. जेपेगवर वजाबाकी करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

काचपट्टी

बीडचं चालेल. पण बीड काचेवर एकटा पडलेला असतो, त्याच्याभोवती मेंदूचा काप नसतो. तोच बीड डाय न लावलेल्या कापावर टाकून दाखवा, मग त्रिज्येचं बोलू.