‘बायकस्पिड’ला उपदाढ म्हणावं का?

कोरा_कागद: शल्यविशारद जॉन हंटरच्या दातांवरच्या ग्रंथातला (लंडन, १७७१) एक भाग मराठीत आणतेय. आकृत्यांखालच्या नावांशी अडलेय. त्याने दातांचे चार गट केले. पटाशीचे दात, सुळे, दाढा हे तीन सुटले. उरला सुळा आणि दाढ यांच्या मधला ‘बायकस्पिड’. संपादक म्हणतात, शाळेतली ‘उपदाढ’ लिहा. पण उपदाढ म्हणजे दाढेची धाकटी जाऊ. हंटर नाव देतोय ते दाताच्या दोन टोकांवरून. ग्रंथाचा चित्रकार यान व्हान रिम्सडाइकची चित्रं समोर आहेत, खाली ‘उपदाढ’ लिहिलं की ती टोकंच गायब.

पित्तप्रकृती: द्विदली. हृदयाच्या झडपेला म्हणतातच.

खडीसाखर: मला तूरडाळ दिसली. दातात अडकलेली.

पित्तप्रकृती: हसा. पटाशीच्या दाताला कृंतक, सुळ्याला रदनक, उपदाढेला अग्रचर्वणक अशी घडीव पदं असताना आपण डाळीवर बोलतोय.

सुताराचा_नातू: माझ्या धाकट्या भावाचे पुढचे दात आले तेव्हा आजोबा म्हणाले, “पटाश्या फुटल्या.” हातात पटाशीच होती. कृंतक ऐकून त्यांनी वैद्य बोलावला असता. ‘दुटोकी’ घ्या.

पित्तप्रकृती: दुटोकी म्हणजे दोन्हीकडून टोकदार, पेन्सिल दोन बाजूंनी तासतात तशी. इथे दोन्ही टोकं एकाच अंगाला.

सुताराचा_नातू: मग दुशिंगी.

दात_ओठ: दवाखान्यातून डोकावतोय. खालच्या दुसऱ्या उपदाढेला पुष्कळदा तीन टोकं असतात. दुटोकी, दुशिंगी दोन्ही खोटी. ‘उपदाढ’ नुसती जागा सांगते, म्हणून टिकली.

कोरा_कागद: पण मी दाताचं नाही, हंटरचं भाषांतर करतेय! तो चुकला असेल तर चूकही मराठीत यायला नको?

जुनी_पोथी: मुळात ‘दाढ’च संशयित आहे. संस्कृत दंष्ट्रा, त्यावरून प्राकृत दाढा. गीतेतली ‘दंष्ट्राकरालानि’ मुखं रवंथ करत नाहीत, ते सुळे आहेत. वराहाने पृथ्वी उचलली तीही सुळ्यावरच. दाढ मागे सरकली ती नंतर.

खडीसाखर: म्हणजे मृत्यूच्या दाढेतून वाचलेला खरं तर सुळ्यावरून वाचला?

जुनी_पोथी: तेच तर.

माहेरची_ओटी: सुळ्याला इंग्रजीत ‘आय टूथ’ही म्हणतात ना? आजी वरचा दात काढू द्यायची नाही, डोळे जातील म्हणून. हे इंग्रजांकडून आलं असावं. अक्कलदाढही.

जुनी_पोथी: अक्कलदाढ नाही हो. फारसीत ‘दंदान-ए-अक्ल’ आहे. लॅटिनमध्येही शहाणपणाचाच दात.

माहेरची_ओटी: शहाणपण म्हणे! बायकांना दात कमी, असं ॲरिस्टॉटल लिहून गेला. ते चूक आहे हे छापायला १५४३ साली शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस यावा लागला. मधे कोणी मोजलेच नाहीत की काय?

दात_ओठ: आजीची भीती मात्र फुकट. वरच्या सुळ्याचं मूळ लांब असतं, डोळ्याच्या दिशेने जातं, पण डोळ्याला लागत नाही.

माहेरची_ओटी: हे आजीला सांगायला हवं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली, वरचे सगळे दात शाबूत.

कोरा_कागद: मंडळी, बायकस्पिड. उद्या मजकूर द्यायचाय.

सुताराचा_नातू: दुशिंगीला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

पित्तप्रकृती: मी म्हणतोय. शिंगं वळलेली असतात.