गावच्या मठाची गादी रिकामी ठेवून समिती नेमावी का?

वरुडकडील कास्तकार (चर्चेचा प्रस्ताव)

आमच्या गावच्या मठातील महंत वारल्यापासून गादी रिकामी आहे. मठाची थोडी शेती मक्त्याने दिली जाते. आता ग्रामसभेत अशी सूचना आली आहे की, नवा महंत आणण्याऐवजी गावाने समिती नेमावी, पूजेला पगारी पुजारी ठेवावा आणि शेतीच्या उत्पन्नातून आवारात मंगल कार्यालय बांधावे. माझा या सूचनेला ठाम विरोध आहे.

मंदिरात देव असतो, आपण दर्शन घेऊन परततो. मठात शिकवणारा माणूस असतो, आणि तो नसला तर मागे फक्त इमारत उरते. शृंगेरी, पुरी, द्वारका आणि ज्योतिर्मठ या शांकर परंपरेतील चार पीठांकडे एकेक वेद आणि एकेक महावाक्य, म्हणजे उपनिषदांतले सूत्रवचन, सोपवलेले आहे, म्हणजे तेथे मुख्य काम शिकवण्याचे आहे. आमचा मठ त्यांच्यापुढे अगदी लहान, पण काम त्याच जातीचे होते. चातुर्मासात दुपारी महंत ओसरीवर चौरंग मांडत, पोथीच्या लाल फडक्याची गाठ सोडत, एक ओवी वाचत आणि निंदणाहून आलेल्या बायांना उमगेपर्यंत तिचा अर्थ वऱ्हाडीत सांगत. कोणी मध्येच प्रश्न विचारला तर त्या दिवशी दुसरी ओवी होत नसे. पगारी पुजारी दोन वेळची आरती नेमाने करील, याबद्दल मला शंका नाही. परंतु हे काम त्याच्याकडून कोण मागणार?

दर्यापूरचा शिक्षक

दादा, आपली कळकळ समजते, पण आपण अमरावती जिल्ह्यात राहून हे लिहावे याचे आश्चर्य वाटते. याच मातीतल्या गाडगेबाबांनी गादी निर्माण केली नाही, आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही असेच ते सांगत राहिले. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, एवढ्यावर त्यांनी गावेच्या गावे जागी केली. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांचा कारभार त्यांनी विश्वस्तांकडे दिला. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी रुजवलेल्या सामुदायिक प्रार्थनेलाही संन्यासी लागत नाही. सतरंजी अंथरली आणि माणसे रांगेत बसली की ती सुरू होते. एका माणसाच्या हाती जमीन, पैसा आणि श्रद्धा अशा तिन्ही गोष्टी द्यायच्या आणि मग तो चांगला निघावा म्हणून देवाला साकडे घालायचे, ही व्यवस्था मला धोक्याची वाटते. मंगल कार्यालयात गरिबाच्या मुलीचे लग्न कमी खर्चात होणार असेल, तर त्यात अधर्म कोणता?

महानुभाव घरातील वाचक

गुरुजी, गाडगेबाबांविषयी आपण लिहिले ते सर्व खरे आहे. पण ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्याचा प्रश्न आपण सोडून दिला. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर पाहा. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या या गावी 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे शतकानुशतके हे वाङ्मय महानुभावांच्या मठांमध्ये सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून घेतले गेले, आणि म्हणून मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ आज आपल्या हाती आहे. नकला करणारे भिक्षेवर जगत होते. त्यांना ना पगार होता, ना मुदत. दर निवडणुकीला बदलणारी समिती असे काम हाती घेईल का? याच पंथात स्त्रियांना संन्यास होता आणि कवयित्री महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नगीते, तिथूनच आले, हेही विसरू नये.

दारव्ह्याची एक वाचक

महदाइसेचे नाव आपण सगळे अभिमानाने घेतो. तरी मूळ प्रस्तावातले चित्र मला पुन्हा वाचावेसे वाटले: महंत वाचत, बाया ऐकत. त्या बायांपैकी एकीच्या तरी हाती ती पोथी कधी दिली होती का? आमच्या भागातील एका मठात पंगतीचा सगळा स्वयंपाक बायांनी रांधायचा, भाकरी थापून हात पोळून घ्यायचे आणि कथेला मात्र मागे, खांबाआड बसायचे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. असा मठ पुन्हा उभा राहणार असेल तर दादांच्या बाजूने मी उभी राहणार नाही. मंगल कार्यालयही मला नकोच, कारण लग्नसराई संपली की तेथे खुर्च्यांचे ढीग आणि कुलूप, एवढेच असते.

अकोल्याहून, न्यासांच्या कामाशी संबंधित

भावनेच्या भरात एक गोष्ट मागे पडत आहे. मठ नोंदणीकृत असेल तर केवळ ग्रामसभेच्या ठरावाने त्याचे रूप बदलत नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात मठाची व्याख्याच अशी आहे की, ज्याच्या प्रमुखाचे कर्तव्य शिष्यांना धर्मोपदेश देणे किंवा त्यांची आध्यात्मिक सेवा करणे हे आहे, ती संस्था. उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात 1954 साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, मठाधिपती हा नुसता व्यवस्थापक नसतो. मात्र मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियंत्रण आणता येते. विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत बदल कळवावा लागतो, आणि शेती विकायची किंवा 10 वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे पैशाचा हिशेब विश्वस्तांकडे आणि उपदेश महंताकडे, अशी विभागणी शक्य आहे, आणि गुरुजींच्या भीतीला तेच उत्तर आहे.

वरुडकडील कास्तकार

ही विभागणी मला मान्य आहे. संन्याशाने मक्त्याची पावती फाडत बसू नये. ताईंची मागणी तर मी ग्रामसभेत अट म्हणून मांडणार आहे: जो किंवा जी गादीवर येईल, त्यांनी गावातल्या मुलींनाही पोथी लावायला शिकवले पाहिजे. पण ताई, ही अट शिकवणाऱ्यालाच घालता येते. समितीने नेमलेल्या पुजाऱ्याला आपण फार तर आरतीची वेळ पाळायला सांगू.

दर्यापूरचा शिक्षक

अट चांगली आहे, मात्र माझा विरोध कायम आहे. तसा संन्यासी मिळेपर्यंत गावाने काय करायचे, हे आपण सांगितलेच नाही. गावातल्या ज्या मुली दहावी-बारावी शिकल्या आहेत त्यांना अर्थासह ओवी वाचता येते. येत्या चातुर्मासात त्यांच्यापैकीच एकीला त्या ओसरीवर बसवा, आणि तरीही महंताची गरज भासली तर मग आपण पुन्हा बोलू.