गोबरगॅस भरपूर, पण पेटत नाही. प्लांटमधले आर्किया मेले का?

शेणकाला:
२ घनमीटरचा दीनबंधू प्लांट आहे. रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी जातं. पंधरवड्यापासून खानावळीतलं उरलेलं अन्नही जातंय, रोज १२ ते १५ किलो, मुख्यतः भात. आधी गॅस वाढला. आता दाब भरपूर आहे, पण शेगडी पेटत नाही. आउटलेटच्या स्लरीला आंबूस वास येतो, पीएच ५.८ ते ६. दुकानात ‘बायोगॅस कल्चर’ म्हणून पावडर मिळते, ती घालू का? चुना किती घालायचा? की प्लांट रिकामाच करावा लागेल?

बिनहवेचा:
रिकामा अजिबात करू नका. आर्किया, म्हणजे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव, मेलेले नाहीत, आम्लामुळे त्यांचं काम थांबलंय.

प्लांटमध्ये दोन गट आहेत आणि त्यांचा वेग जुळत नाही, सगळा घोळ तिथे आहे. पहिला गट बॅक्टेरियांचा. ते भातातला स्टार्च फोडून अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. त्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते. दुसरा गट मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, बनवणाऱ्या आर्कियांचा, आणि ते बॅक्टेरिया नव्हेतच. १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जिवांचा जो वेगळा गट दाखवून दिला, तो याच मंडळींवरून. त्यातला अ‍ॅसिटिक आम्लावर जगणारा मिथेनोथ्रिक्स दुप्पट व्हायला चार-सात दिवस घेतो. मिथेनोसार्सिना जरा चपळ, एक-दोन दिवस. दोघांनाही पीएच ६.८ ते ७.४ लागतो.

आता हिशेब बघा. ५० किलो शेणात साधारण ७ किलो कोरडा सेंद्रिय भाग असतो आणि त्यातला बराचसा चिवट, न पचणारा. १५ किलो भातात तो साडेचार किलो, पण जवळजवळ सगळा दोन-तीन दिवसांत आम्ल होतो. शिवाय भातात नायट्रोजन कमी, त्यामुळे आम्ल सावरणारा अमोनियाही कमी तयार होतो.

प्लांट हळूहळू न बिघडता एकदम कोसळतो, त्याचं कारण हायड्रोजन. प्रोपिओनिक आम्ल फोडणाऱ्या सिंट्रोफोबॅक्टरसारख्या जिवांना आजूबाजूला हायड्रोजन अत्यल्प असेल तरच त्या कामातून ऊर्जा मिळते. हायड्रोजन उचलायचं काम आर्कियांचं. ते मंदावले की प्रोपिओनिक साठतं, पीएच आणखी उतरतो, आर्किया आणखी मंदावतात. तुमच्या घुमटात आत्ता बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असणार. मिथेन ५५ ते ६५ टक्के असायला हवा.

स्लरीवाला:
करायचं काय ते सांगतो. दीनबंधू २ घनमीटर म्हणजे आत अंदाजे ४,००० लिटर स्लरी धरा.

भात आणि शेण दोन्ही आजपासून बंद. घुमटातला गॅस मोकळ्यावर सोडून द्या, जवळपास विडी-काडी नको. नंतर रोज खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) २ किलो, बादलीभर पाण्यात विरघळवून इनलेटमधून. बांबूने ढवळा. दुसऱ्या दिवशी पीएच बघा, ६.८ ला पोचला की सोडा थांबवा. तीन-चार दिवस लागतील. सोडियमही फार वाढू द्यायचं नसतं, म्हणून एकूण ८ किलोच्या पुढे जाऊ नका.

चुना टाळाच. तो घुमटातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, दाब झपकन पडतो आणि बारीक चिरांतून हवा आत येते. आर्कियांना हवा म्हणजे विषच. वर तळाशी खडूसारखा गाळ बसतो तो वेगळाच.

पीएच ६.५ च्या वर आला की चालू प्लांटची ४०० ते ५०० लिटर स्लरी आणून घाला. कॅन काठोकाठ भरून, झाकण लावून, त्याच दिवशी. ज्योत निळी झाली आणि पीएच तीन दिवस टिकला, तर १० किलो शेणापासून सुरुवात आणि दर आठवड्याला १० किलो वाढ. भात अगदी शेवटी, रोज १ किलो, आठवड्याला अर्धा किलो वाढवत ४ किलोपर्यंत. शितं वाटून किंवा कुस्करून घाला.

आणि हो, पीएच नमुना काढल्या काढल्या बघा. भांडं ठेवून दिलंत तर त्यातला वायू उडून जातो आणि आकडा खोटा चांगला दिसतो. साधा लिटमस उपयोगाचा नाही, ५.५ ते ८ असा अरुंद पट्ट्याचा कागद घ्या.

शेणकाला:
चालू प्लांटची स्लरी लांबून आणावी लागेल. त्याऐवजी ताजं शेण जास्त घातलं तर? त्यातही आर्किया असतातच ना?

बिनहवेचा:
असतात, पण वेगळे. गाईच्या पोटात मुख्यतः मिथेनोब्रेव्हिबॅक्टर, जे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन करतात. अ‍ॅसिटिक आम्ल गाय स्वतःच शोषून घेते, आणि चारा रवंथाच्या पोटात एक-दोन दिवसच थांबतो. मिथेनोथ्रिक्सला तेवढ्यात टिकाव धरता येत नाही. शेणाच्या प्लांटमध्ये मात्र बरंचसं मिथेन अ‍ॅसिटिक आम्लातूनच येतं. नवा प्लांट शेणावर रुळायला तीन-चार आठवडे घेतो तो याचमुळे. जुन्या स्लरीत ही फौज तयार मिळते. तेव्हा लांब असलं तरी आणाच.

पावडरीचं म्हणाल तर अशा कोरड्या पाकिटांत बहुधा बॅसिलस नावाचे बॅक्टेरिया आणि एन्झाइम असतात. ते आम्ल बनवणारी बाजूच वाढवतील. पैसे वाचवा.

स्लरीवाला:
एक राहिलं. गोठ्यात कासदाहाचं औषध चालू असेल तर त्या जनावराचं शेण उपचार संपेपर्यंत वेगळं ठेवा. फिनेलचं पाणी आणि खुरांसाठीचं मोरचुदाचं पाणीही इनलेटकडे वळू देऊ नका.

बिनहवेचा:
यात गंमत अशी की कासदाहावर देतात ते पेनिसिलिन आर्कियांना थेट मारत नाही. ते बॅक्टेरियांच्या पेशीभिंतीतल्या ज्या पेप्टिडोग्लायकनवर घाव घालतं, ते आर्कियांच्या भिंतीत नसतंच. पण त्यांना अन्न पुरवणारे बॅक्टेरिया मरतात, आणि गॅस तरीही बसतो. अशा वेळी पीएच सहसा फारसा पडत नाही, नुसता गॅस कमी होतो. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर उगाच सोडा ओतत बसाल.