जीआरई आखूड झाली म्हणून सोपी झाली का?

कोथरूडकर:
एमएसला परदेशी निघालेल्या आणि त्यासाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा देणाऱ्या पुण्यातल्या पोरांना क्लासवाले एकच पालुपद ऐकवतात: जीआरई निम्मी झाली, आता सोपी आहे. निम्मी झाली हे खरं. २२ सप्टेंबर २०२३ पासून पावणेचार तासांची परीक्षा १ तास ५८ मिनिटांवर आली. ‘आर्ग्युमेंट’चा निबंध गेला, गुण न मोजला जाणारा विभाग गेला, मधली दहा मिनिटांची सुट्टीही गेली. पण एका प्रश्नाला वेळ वाढला का? क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, पूर्वी प्रत्येक विभागात ३५ मिनिटांत २० प्रश्न. आता २१ मिनिटांत १२ आणि २६ मिनिटांत १५. भागाकार करा. तेव्हाही पावणेदोन मिनिटं, आताही जेमतेम तेवढीच. प्रश्न मात्र ४० चे २७ झाले आणि मोजपट्टी तीच, १३० ते १७०. म्हणजे चूक महागली.

सदाशिव पेठ:
भागाकार बरोबर, निष्कर्ष चूक. तिसऱ्या तासाला व्हर्बलचा, म्हणजे इंग्रजीच्या भागाचा, तोच उतारा दोनदा वाचावा लागणं ही भाषेची नव्हे, बैठकीची परीक्षा होती. वर न मोजला जाणारा विभाग कोणता हे बरेचदा कळायचंच नाही, त्यामुळे त्यातही तेवढाच जीव ओतायचा. आणि चुकीच्या उत्तराला ऋण गुण नाहीत, हे सोयीस्कर विसरलात.

गणित्या, धायरी:
दोघेही लांबी मोजत बसलात. पहिला विभाग कसा जातो यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. हा निवाडा पूर्वी २० प्रश्नांवर व्हायचा, आता १२ वर होतो. एका विभागातल्या सगळ्या प्रश्नांचं वजन सारखंच, तरी पोरं आकडेवारीच्या एका तक्त्यावर चार मिनिटं घालवतात आणि शेवटचे दोन सोपे प्रश्न कोरे राहतात. अडलेला प्रश्न ‘मार्क’ करून पुढे जायचं. विभाग संपेपर्यंतच मागे येता येतं. पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरच्या बाबतीतही असाच निष्काळजीपणा. ‘ट्रान्सफर डिस्प्ले’ दाबलं की आकडा आहे तसा उत्तराच्या चौकटीत उतरतो. प्रश्नात टक्के मागितलेत आणि चौकटीत ०.३७५ बसलंय, की गेला गुण. (याचं खापर परीक्षेच्या ढाच्यावर फोडू नका.)

कोथरूडकर:
ऋण गुणांचं मान्य. पण ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रकारात तीन बरोबर पर्यायांपैकी दोनच निवडले तर शून्य. तीन रिकाम्या जागांपैकी दोन बरोबर भरल्या, तरी शून्य. प्रश्न कमी केलेत, तर इथे निदान अंशतः गुण द्यायला हवे होते.

सदाशिव पेठ:
मग सरसकट सगळे पर्याय टिक करून येणाऱ्यालाही गुण द्यायचे?

कोथरूडकर:
चुकीच्या पर्यायाचे कापा की.

सदाशिव पेठ:
म्हणजे ऋण गुण आणा म्हणताय. आधी काय ते ठरवा.